दूरस्थ रेकीची सत्रं: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

रेकी म्हणजे हात ठेवून 'ऊर्जा' देण्याची जपानी उपचारपद्धत, आणि दूरस्थ रेकी म्हणजे तीच लांबून पाठवणं. ती सध्या तीन रूपांत विकली जाते. पहिलं, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर वेळ ठरवून घेतलेलं एकट्याचं सत्र. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅप गटात नाव आणि फोटो टाकून मिळणारं सामूहिक हीलिंग, बहुधा २१ दिवसांचं. तिसरं, 'तुम्हीच शिका आणि घरच्यांना पाठवा' असं सांगून शनिवार-रविवारात उरकलेली सेकंड डिग्री, म्हणजे रेकीच्या शिक्षणाचा दुसरा टप्पा. गिऱ्हाईकही ओळखीचं असतं. आई-वडील नाशिकला, मुलगी न्यू जर्सीत, मध्ये कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन, आणि हात लावायला जाता येत नाही ही बोच.

ऊर्जा समुद्र ओलांडून जाते की नाही, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. त्याकडे पुढे यायचंच आहे. पण या तिन्ही रूपांत गिऱ्हाइकाच्या पदरात नक्की पडतं ते एकच: कुणातरी माणसाचं ठरावीक मिनिटांचं, फक्त आपल्यावर असलेलं लक्ष. त्याच मापाने ही सेवा मोजली की चांगलं काय आणि फसवं काय, ते चटकन वेगळं होतं.

सामूहिक हीलिंगपासून सुरुवात करू, कारण ते लवकर संपतं. गटात ४० नावं आहेत आणि रोज रात्री २० मिनिटं हीलिंग आहे. एकेक नाव घ्यायचं म्हटलं तर वाट्याला ३० सेकंद. तेवढ्यात फोटो नीट पाहूनही होत नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून डब्यावर हात ठेवतात. यालाच 'रेकी बॉक्स' किंवा 'इच्छापेटी' म्हणतात. पद्धत म्हणून त्यात वावगं काही नाही. घरातल्या पाच-सात माणसांसाठी रोज दहा मिनिटं असा डबा हातात घेणारे पुष्कळ आहेत. पण त्यासाठी माणशी पैसे मोजायचे म्हणजे सार्वजनिक पूजेच्या वर्गणीत एकट्याच्या अभिषेकाची पावती फाडण्यासारखं आहे. फुकट असेल तर नाव द्या. पैसे मागत असतील तर गटात किती जण आहेत तो आकडा विचारा, आणि उत्तर टाळलं गेलं की बाहेर पडा.

एकट्याचं सत्र ही खरी परीक्षा. चांगल्या सत्राची बांधणी साधारण अर्ध्या तासाची असते: पाच मिनिटं तयारी, १८ ते २० मिनिटं प्रत्यक्ष हीलिंग, दोन-तीन मिनिटं आवरतं घेणं, उरलेल्या वेळात बोलणं. तास-दीड तासाचं दूरस्थ सत्र विकणाऱ्यांना एवढंच विचारावं की तेवढा वेळ मन कसं टिकवता. स्पर्शाच्या रेकीत हात ठेवायच्या २४ जागा, प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे ७२ मिनिटं हा हिशेब बसतो, कारण हाताखाली माणूस असतो. नुसत्या कल्पनाचित्रावर ७२ मिनिटं म्हणजे निम्मा वेळ पेंग.

देणारा आधी काय विचारतो, यावर सत्राचा दर्जा कळतो. पूर्ण नाव, सध्या कुठल्या गावात, त्या वेळी बसलेले असाल की झोपलेले, आणि मुख्य म्हणजे ज्याच्यासाठी करायचं त्याची परवानगी आहे का. मुलीने पैसे भरले आणि वडिलांना पत्ताच नाही, असं सत्र जाणता देणारा घेत नाही. वडील शुद्धीत नसतील तर गोष्ट वेगळी. तिथे 'त्यांना हवं असेल तर पोहोचो' असा संकल्प धरतात. जन्मतारीख, रक्तगट, आईचं नाव यांची या विद्येत गरज नाही. ते मागितलं की समजावं, पुढे पत्रिका किंवा 'पितृदोष' येणार आहे.

तयारीत हात धुणं, मग केन्योकू: उजवा हात डाव्या खांद्यापासून उजव्या कंबरेपर्यंत तिरका झटकत न्यायचा, मग डाव्या हाताने उजव्या खांद्यापासून, पुन्हा उजव्याने. त्यानंतर खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत दोन्ही बाहू झटकायचे. मग छातीशी हात जोडून दोन-तीन मिनिटं शांत बसायचं, यालाच गाश्शो म्हणतात. व्हिडिओवर हे सगळं दिसतं. कॉल लागताच 'हां, तर सुरू झालंय' असं म्हणणाऱ्याने ही पाच मिनिटं खाल्लेली असतात.

पुढचा भाग म्हणजे कल्पनाचित्र. या सेवेचं सगळं कसब तिथेच आहे, आणि बहुतेक ठिकाणी कच्चेपणाही तिथेच दिसतो.

फोटोवरून करणारे सर्वांत जास्त. फोटो एकट्याचा हवा, अलीकडचा, चेहरा स्पष्ट. लग्नातला घोळक्याचा फोटो कापून पाठवला तरी कडेला कुणाचा तरी शालू आणि खांदा राहतो, आणि नजर तिकडे जाते. फोटो कागदावर छापलेला असावा. मोबाइलच्या पडद्यावर बघून करणाऱ्याचा पडदा मध्येच विझतो, वरून कुठल्यातरी सेलचा निरोप टपकतो, आणि ते चालू करण्यात धागा तुटतो. पासपोर्ट आकाराचा छापील फोटो पुरतो. नसेल तर चिठ्ठीवर पूर्ण नाव आणि गाव लिहायचं. एक मिनिट फोटो पाहायचा, मग तो तळहातांमध्ये धरून डोळे मिटायचे.

आता मिटल्या डोळ्यांपुढे माणूस उभा करायचा, आणि इथे नवशिका नेहमी चेहऱ्यापासून सुरू करतो. चेहरा ही सर्वांत निसरडी गोष्ट आहे. आठवणीतला चेहरा हसतो, वळतो, दहा वर्षांपूर्वीचा होतो, आणि त्यामागे सगळ्या आठवणी येतात. टिकाऊ क्रम याच्या उलटा आहे: आधी जागा (पलंग, खुर्ची, खिडकी कुठे), मग शरीराची ठेवण (कुशीवर की उताणा), मग बाह्यरेषा, चेहरा शेवटी आणि तोही पुसट. म्हणूनच 'त्या वेळी कुठे झोपाल?' हा प्रश्न विचारणारा देणारा अनुभवी समजावा. त्याला चित्र रचण्यासाठी सामान हवं असतं.

आकाराचंही तसंच. माणूस पूर्ण उंचीचा समोर उभा केला तर मन डोक्यापासून पायापर्यंत धावत राहतं. वीतभर आकृती दोन तळहातांच्या ओंजळीत धरली की ती हातांच्या जाणिवेवर टेकते आणि टिकते. दुसरा मार्ग म्हणजे आपणच त्या खोलीत जाऊन पलंगाशेजारी बसलो आहोत अशी कल्पना करून एकेका जागी हात ठेवायचे. हा मार्ग ज्यांचा स्पर्शाच्या रेकीचा हात बसलेला आहे त्यांना सोपा जातो, नवख्यांना नाही. जागा सहाच पुरतात: डोकं, गळा, छाती, पोट, गुडघे, तळपाय. प्रत्येकी तीन मिनिटं, झाली १८.

ज्यांना मिटल्या डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही अशी माणसं खरोखर असतात. या स्थितीला २०१५ मध्ये 'अफँटेशिया' असं नावही मिळालं. वर्गात अशा विद्यार्थ्याला 'सराव कमी पडतोय' म्हणून गप्प केलं जातं, ते चूक. त्याच्यासाठी हाताची पद्धत आहे. खुर्चीत बसून उजवा गुडघा म्हणजे डोकं, उजवी मांडी म्हणजे धडाची पुढची बाजू, डाव्या बाजूला तसंच डोक्याची मागची बाजू आणि पाठ, असं ठरवून त्या-त्या जागी हात ठेवायचे. काही वर्गांत डावं-उजवं उलट शिकवतात, फरक पडत नाही. एकदा धरलं ते बदलू नये इतकंच. उशी किंवा कापडी बाहुलीवरही चालतं. व्हिडिओवर देणारा उशीवर हात ठेवून बसलेला दिसला म्हणून तो कमअस्सल समजू नका. हात हलताना दिसतात, म्हणजे निदान त्याचं काम चाललंय हे तरी कळतं.

चित्र मध्येच विरघळतं. सगळ्यांचंच विरघळतं. चूक असते ती त्यानंतरची: कपाळाला आठ्या, दात घट्ट, श्वास अडकलेला, आणि जोर लावून चित्र परत ओढणं. सत्रानंतर देणाऱ्याचं डोकं दुखतं ते यानेच, 'तुमची निगेटिव्ह एनर्जी माझ्याकडे आली' म्हणून नव्हे. हे वाक्य आजारी माणसाला ऐकवणारा देणारा पुन्हा कधी घेऊ नये. उपाय साधा आहे. श्वास लांब सोडायचा, लक्ष तळहातांवर आणायचं, नाव तीनदा मनात घ्यायचं आणि जिथे होतो तिथून पुढे जायचं. पहिल्यापासून सुरुवात केली की वेळ डोक्यातच संपतो आणि पाय उपाशी राहतात.

सर्वांत मोठा दोष म्हणजे आजाराचं चित्र रंगवणं. 'गाठ वितळतेय', 'काळा धूर बाहेर पडतोय' असली दृश्यं ऐकायला प्रभावी असतात, पण त्यात देणाऱ्याचं मन माणसावरून उठून रोगावर जाऊन बसतं. मग पुढची पायरी ठरलेली: 'यकृतापाशी ब्लॉकेज दिसतंय.' दूरस्थ रेकी देणाऱ्याने निदान करायचं नसतं. माणूस अखंड, स्वस्थ बसलेला, नेहमीच्या कामात रमलेला पाहायचा. आजी पोळ्या लाटतेय, बाबा पेपर वाचतायत असा. हे चित्र बांधायला सोपं आणि धरून ठेवायला सुखाचं.

चक्रं आणि त्यांचे सात रंग याबद्दल एक कंस. रेकीचे जनक मिकाओ उसुई (१८६५–१९२६) यांच्या पद्धतीत भर नाभीखालच्या टांडेन या बिंदूवर आहे. सात रंगांची सात चक्रं ही नंतरची जोड. आपल्याकडे ती घरची वाटते म्हणून खपते. रंग वापरून चित्र टिकत असेल तर वापरावा, पण 'तुमचं मणिपूर फक्त ४० टक्के उघडं आहे' असा अहवाल पीडीएफमधून पाठवणाऱ्याला त्या टक्क्यांचा मोजपट्टा मागावा.

आता शिकवण्याचा भाग, म्हणजे सेकंड डिग्री. दूरस्थ उपचार उसुईंच्या परंपरेतही दुसऱ्या टप्प्यावरच येतो. या टप्प्याला ओकुदेन म्हणतात आणि दूरच्या उपचाराला एन्काकू चिर्यो. वर्गात रेकी देताना काढायची तीन चिन्हं मिळतात: चो कू रेई, सेई हे की आणि अंतरासाठीचं होन शा झे शो नेन. तिसऱ्यावर वर्गाने किती वेळ दिला, यावरून वर्ग ओळखावा.

होन शा झे शो नेन म्हणजे पाच जपानी अक्षरं एकावर एक रचलेली. सुटी लिहिली तर त्यांच्या रेघा ५, ८, ९, ५ आणि ८, एकूण ३५ होतात. चिन्हात वरच्या अक्षराची खालची रेघ खालच्याच्या माथ्याला वापरली जाते, म्हणून बहुतेक वर्गांत ती २२ च्या आसपास उतरते. विद्यार्थी चुकतो तो या जोडांवरच. उभ्याचं आडवं होतं, मधलं अक्षर गळतं. निव्वळ पडद्यावर स्लाइड दाखवून 'आता हवेत काढा' म्हणणाऱ्या वर्गात चिन्ह आठवडाभरही राहत नाही. अक्षरं सुटी शिकवून, वहीत काढून घेऊन, मग जोडून दाखवणारा वर्ग निवडा. जपानीत पाच ओळखीची अक्षरं आहेत हे एकदा कळलं की नकाशासारखं पाठ करावं लागत नाही.

अर्थाबाबत तर आनंदच आहे. 'भूत नाही, वर्तमान नाही, भविष्य नाही' हा वर्गोवर्गी सांगितला जाणारा अर्थ त्या अक्षरांत नाही. शेवटची दोन अक्षरं, शो नेन, ही बौद्ध परंपरेतली सम्यक स्मृती आहे, अष्टांगिक मार्गातलीच. महाराष्ट्रात हा शब्द ज्यांच्या घरात ओळखीचा आहे त्यांना हे चिन्ह कुठल्याही ग्रँड मास्टरपेक्षा लवकर कळेल. दूरच्या माणसाकडे न ढळणारं लक्ष, हे कल्पनाचित्राचं सगळं तंत्र त्या दोन अक्षरांत आलं. सेई हे की चंही ह्रीः या सिद्धम लिपीतल्या बीजाक्षराशी असलेलं साम्य अभ्यासक दाखवतात. हे सांगणारा शिक्षक भेटला तर फी वसूल.

'आमचंच चिन्ह अस्सल' हा दावा मात्र कुणाचाच ऐकू नये. रेकी जपानबाहेर नेणाऱ्या हवाईच्या हावायो तकाता यांनी १९८० मध्ये निधन होण्यापूर्वी २२ मास्टर, म्हणजे रेकी शिकवणारे, घडवले. चिन्हं गुप्त, कागदावर ठेवायची नाहीत असा दंडक. पुढे शिष्यांनी ताडून पाहिली तर चिन्हांत फरक निघाले. चो कू रेई चं वेटोळं घड्याळाच्या दिशेने की उलट, यावर आजही भांडतात. त्याच तकातांनी मास्टर होण्याची फी १०,००० डॉलर ठेवली होती. तेव्हा 'रेकीत पैसा महत्त्वाचा नाही' असं सांगून पुढच्या ओळीत यूपीआयचा क्यूआर कोड देणाऱ्यांची परंपरा तशी जुनी आहे.

ऑनलाइन शक्तिपात, म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्यात रेकी जागवण्याचा विधी किंवा अ‍ॅट्यूनमेंट, चालतो का, हा प्रश्न विश्वासाचा आहे. त्यावर निवाडा देण्यात अर्थ नाही. वर्गानंतर किती आठवडे शंका विचारता येतात, हे बघा. २१ दिवस स्वतःवर रेकी करायला सांगून मधल्या काळात एकही फोन न घेणारा शिक्षक म्हणजे गॅरंटी कार्ड देऊन दुकान बंद करणारा. प्रमाणपत्राच्या सोनेरी कडेचं मोल शून्य. रेकीसाठी आपल्याकडे वैधानिक परिषद नाही, त्यामुळे नावापुढचं 'डॉ.' रेकीमुळे येत नाही.

परिणामाचं काय? रेकीवर भरवशाच्या चाचण्या थोड्या आहेत, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एकत्रित आढाव्याने कुठल्याही आजारावर रेकी उपयोगी आहे असं म्हणायला पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. दूरस्थ रेकीवर नेमकी एक चांगली चाचणी आठवण्यासारखी आहे. टोरांटोत ठरवून केलेल्या सिझेरियननंतर ८० बाळंतिणींवर ती झाली, २०११ मध्ये छापून आली. निम्म्या जणींना दुरून तीन सत्रं दिली. कुणाला मिळतंय हे त्यांना आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. वेदनेत फरक पडला नाही. नाडी आणि रक्तदाब रेकीच्या गटात काहीसे कमी निघाले, पण चाचणी त्यासाठी रचलेली नव्हती. विक्रेते या चाचणीतलं दुसरं वाक्य सांगतात, पहिलं गाळतात. दोन्ही सांगणारा प्रामाणिक समजावा.

त्यामुळे काय मागायचं ते ठरतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची धाकधूक, झोप न लागणं, दूर असलेल्या मुलाची हुरहुर: यासाठी अर्धा तास कुणी आपल्यासाठी बसलंय हे माहीत असणं आणि आपणही तो अर्धा तास पडून राहणं, याचा आराम वाटतो. त्याला ऊर्जेच्या प्रवासाची अट नाही. मधुमेह, कर्करोग, मूतखडा बरा करण्याची जाहिरात मात्र १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याच्या कक्षेत येते. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करायचा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, अशा वेळी सत्र बुक करायचं नसतं, १०८ ला फोन करायचा असतो.

घेणाऱ्याच्या बाजूने जे बिघडतं ते बहुतेक घड्याळामुळे. रात्री १० ला पुण्यातून दिलेलं सत्र न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारी १२.३० ला आणि हिवाळ्यात ११.३० ला पोहोचतं. लंडनला उन्हाळ्यात संध्याकाळी ५.३०, हिवाळ्यात ४.३०. मार्चमधल्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या घड्याळबदलात निम्मी सत्रं तासाने हुकतात. म्हणून वेळ दोन्ही गावांची लिहून घ्यावी. त्या वेळी गाडी चालवत असाल तर सत्र पुढे ढकला. मिटिंगमध्ये असाल तर पैसे वाया. उताणं पडावं, गुडघ्याखाली उशी, फोन दुसऱ्या खोलीत, पोट टम्म भरलेलं नको. हातापायांत मुंग्या, ऊब, जांभया आल्या तर ठीक, काहीच झालं नाही तरी ठीक. 'काही वाटलं नाही म्हणजे तुम्ही ब्लॉक आहात, आणखी पाच सत्रं घ्या' हे उत्तर मिळालं तर सहावं सत्र घेऊ नका.

दर ठरवताना साधं गणित: रक्कम भागिले लक्षाची मिनिटं, गुणिले त्या वेळी घेतलेली नावं, गुणिले ६०, म्हणजे तासाचा दर. फिजिओथेरपिस्ट किंवा समुपदेशक आपल्या गावात तासाला जेवढे घेतो त्यापेक्षा हा आकडा वर जात असेल तर महाग. पाच सत्रांचं पॅकेज आगाऊ भरू नका, आधी एक घ्या.

ज्याला खरंच ताडून पाहायचंय त्याच्यासाठी एक खेळ आहे. पैसे जास्त लागत नाहीत, चिकाटी लागते. देणाऱ्याला आठ दिवस द्या. त्यातले कोणतेही चार त्याने चिठ्ठ्या टाकून निवडायचे, ठरलेल्या वेळी त्या चारच दिवशी रेकी पाठवायची, आणि निवड लिफाफ्यात बंद करून घरातल्या तिसऱ्याकडे द्यायची. तुम्ही आठही दिवस त्याच वेळी अर्धा तास पडायचं, आधी आणि नंतर अस्वस्थता ० ते १० मध्ये लिहायची, आणि 'आज आली' की 'नाही आली' तेही लिहायचं, 'आली' चारदाच. आठातून चार निवडण्याच्या ७० तऱ्हा होतात, म्हणजे चारही दिवस नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. नवव्या दिवशी लिफाफा फोडायचा. असं सुचवल्यावर 'ऊर्जेची परीक्षा घ्यायची नसते' म्हणून रागावणारे पुष्कळ भेटतील. हसून 'चला, करून बघू' म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे आईचं गुडघ्याचं सत्र लावायला हरकत नाही, लिफाफ्यात काहीही निघो.